'गरजूंना द्या' या दोन शब्दांविषयी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पुरवणीत दिवाळीच्या तोंडावर कपाट आवरण्याविषयी जो लेख प्रसिद्ध झाला, तो मी दोनदा वाचला. एकदा कुतूहलाने आणि दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. वर्षभरात न घातलेला कपडा काढून टाकावा, एकसारख्या वस्तूंपैकी एकच ठेवावी, नवी वस्तू घरात आली की एक जुनी बाहेर जावी, हे त्यातील सल्ले वाईट नाहीत. लेखाच्या अखेरीस मात्र 'काढलेले कपडे गरजूंना द्या' एवढ्या एका वाक्यात उरलेला सारा प्रश्न मिटवून टाकला आहे. हे पत्र त्या 'गरजूंना द्या' या दोन शब्दांपुरतेच आहे. ते लांबले तर आपण सांभाळून घ्याल अशी आशा आहे, कारण त्या दोन शब्दांनी गेल्या वर्षी माझे तीन महिने खाल्ले.

नौपाड्यातील आमची इमारत गेल्या वर्षी पुनर्विकासाला गेली. ठाणेकरांना याहून अधिक काही सांगण्याची गरज नाही. गोखले रस्त्याच्या आतल्या कोणत्याही गल्लीत शिरले, की पत्र्यांच्या कुंपणाआड गेलेली एखादी ओळखीची इमारत दिसतेच. घर रिकामे करण्यासाठी आम्हाला तीन महिन्यांची मुदत मिळाली आणि दोन खोल्या व स्वयंपाकघर एवढ्या जागेत त्रेचाळीस वर्षे साचलेले सामान कोलशेतच्या भाड्याच्या घरात, अकराव्या मजल्यावर, न्यायचे ठरले. जुन्या घराला स्वयंपाकघरावर एक आणि न्हाणीघरावर एक असे दोन माळे होते. भाड्याच्या घराला एकही नाही. ज्या वस्तूचे काय करायचे हे ठरत नसे ती माळ्यावर टाकायची, ही आमच्या पिढीची सोय होती. ती गेली, आणि त्रेचाळीस वर्षे टाळलेले सगळे निर्णय एकदम पुढ्यात येऊन बसले.

मी निवृत्त होईपर्यंत वागळे इस्टेटमधील एका कारखान्याच्या भांडार विभागात लेखनिक होते. तिथे दर वर्षी मार्चअखेर साठ्याची मोजदाद होई, प्रत्येक कप्प्याला आवक-जावक नोंदवण्याचे बिन कार्ड टांगलेले असे, आणि ज्या मालाची वर्षभर आवक-जावक झाली नाही त्याची 'नॉन-मूव्हिंग' म्हणून वेगळी यादी साहेबांपुढे जाई. ती सवय हाडात मुरलेली असल्यामुळे मी घरातही दोनशे पानी वही घातली, कपाटाच्या एकेका कप्प्यासाठी एकेक पान ठेवले आणि पहिला आठवडाभर काहीही न काढता नुसते मोजले. माझ्या साड्या ११८ निघाल्या. त्यांपैकी मागील बारा महिन्यांत नेसल्याचे छातीठोकपणे सांगता येईल अशा २३. यजमानांच्या पँटी १९, त्यांपैकी कमरेला बसणाऱ्या ६. घडी न मोडलेले टॉवेल २७, शर्ट-पँटचे न शिवलेले कापड ८ जोड, कापडी पिशव्या ७१. यजमान शिक्षक होते, त्यामुळे सत्काराच्या शाली ९. आणि ठाण्यात शाल पांघरण्याजोगी थंडी वर्षाकाठी किती दिवस पडते हे वाचक जाणतातच. शेवटच्या पानावर ब्लाऊजपीस होते, ते ६४.

ब्लाऊजपीसचे ते गाठोडे सोडले तेव्हा हळदीचा जुना वास आला. काही घड्यांमध्ये ओटीचे तांदूळ तसेच अडकून होते, एकीत खडखडीत वाळलेली सुपारी होती. कापड बहुतेक टेरिकॉटचे किंवा त्याहूनही हलके. शिंपी कापडाच्या किमतीच्या कितीतरी पट शिलाई घेईल आणि शिवून झाल्यावर ते उन्हाळ्यात तासभरही अंगावर सोसवणार नाही, अशा प्रतीचे. त्यातल्या एका जांभळ्या तुकड्याच्या काठावर बॉलपेनने केलेली बारीक फुली दिसली आणि मी चमकले. ती फुली माझीच होती. पूर्वी एकदा दोन सारखे तुकडे एकाच घरी जाऊ नयेत म्हणून मी ती खूण केली होती आणि तो तुकडा माझ्या धाकट्या जावेच्या ओटीत घातला होता. मधल्या काळात डोहाळजेवण, बारसे, वास्तुशांत, चैत्रातले हळदीकुंकू अशी कोणकोणती घरे त्याने पाहिली असतील ते त्याचे त्यालाच ठाऊक. कोणीही न शिवलेला, कोणालाही न आवडलेला तो तुकडा पुन्हा माझ्याच गाठोड्यात येऊन पडला होता. हसू आले, पण वहीत 'परत आवक' असे लिहिताना थोडी लाजही वाटली.

त्यानंतर मी वहीत 'कोठून आले' असा एक रकाना वाढवला. ११८ साड्यांपैकी मी स्वतः दुकानात बसून, पसंत करून घेतलेल्या फक्त ४१ होत्या. उरलेल्या मानपानाच्या, आहेराच्या, भाऊबीजेच्या, 'तुमच्याकडून आली होती म्हणून आम्हीही' अशा हिशेबाने आलेल्या. आपल्या लेखात सारा दोष अनावर खरेदीला दिला आहे. माझ्या मुलीच्या ऐरोलीच्या घरापुरते ते खरे आहे. तिच्याकडे फोनवरून मागवलेले आणि परत पाठवण्याची मुदत टळलेले कपडे अजून प्लास्टिकच्या पाकिटांतच आहेत. आमच्या पिढीचे कपाट मात्र खरेदीपेक्षा रीतीभातींनी भरले आहे, आणि म्हणून वर्षभराचा तो नियम आमच्याकडे लंगडा पडतो. त्या नियमाप्रमाणे तीन वर्षांत एकदाच नेसलेली पैठणी घराबाहेर जायला हवी आणि रोज अंगावर असलेला विटका गाऊन सन्मानाने कपाटात राहायला हवा. मी तो नियम बाजूला ठेवला आणि न वापरलेल्या प्रत्येक कपड्यापुढे एवढेच लिहायचे ठरवले, की हा कोण वापरेल त्या माणसाचे नाव. 'गरजू' हे नाव चालणार नव्हते.

पहिले नाव साहजिकच आमच्याकडे पंचवीस वर्षे धुणे-भांडी करणाऱ्या बाईंचे आले. दर दिवाळीला मी त्यांना एक मोठी पिशवी भरून देत असे आणि त्या ती डोक्याला लावून नेत असत. या वेळी त्यांच्यापुढे चार पिशव्या ठेवल्या तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "काकू, आता तुम्ही चाललात म्हणून सांगते, रागावू नका. कळव्याला माझी खोली दहा बाय दहाची आहे. तुम्ही देता, तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी देतात, समोरचे देतात. नको म्हटले तर माणूस दुखावते, म्हणून घेते आणि दोन-चार कपडे ठेवून बाकीचे रात्री कचरापेटीजवळ ठेवून येते." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, अनेक वर्षे सांगायची राहून गेलेली एक व्यवहाराची गोष्ट सांगितल्यासारखा सूर होता. मी दिलेले कपडे कचऱ्यात जात होतेच. माझ्या हाताने न जाता त्यांच्या हाताने जात होते, आणि नौपाड्यापासून कळव्यापर्यंतचा लोकलचा हमालखर्च त्या सोसत होत्या, एवढाच काय तो फरक.

यावर मी पुष्कळ विचार केला आणि मला आमच्या लहानपणापासून दारावर येणारी बोहारीण आठवली. तरुण वाचकांसाठी सांगते, की जुने कपडे घेऊन त्यांच्या बदल्यात स्टीलची भांडी देणाऱ्या या बायका दुपारी जेवणे आटोपल्यावर गल्लीतून हाळी देत येत. मुंबई-ठाण्यात त्या बहुधा मूळच्या गुजरातमधील देवीपूजक समाजाच्या असतात. तिच्याशी घासाघीस करणे हा आमच्या चाळीतला करमणुकीचा कार्यक्रम असे, पण त्या घासाघिशीत तिचा हात काय करतो याकडे आमचे लक्ष नसे. ती पँट उलटी करून बैठकीच्या जागी कापड उजेडाला धरी, चेन दोनदा वरखाली करी, शर्टाची कॉलर अंगठ्याने चोळून पाही, साडीचा फॉल आणि पदर ताणून बघे, आणि मग एक ढीग आपल्या बाजूला ओढून दुसरा आमच्याकडे सरकवी. 'हे नको' असे ती तोंडावर सांगे. पातेल्यासाठी आणखी दोन साड्या मागे, त्या जरीच्या असाव्यात असा हट्ट धरी. पुढे तो माल धुऊन, शिवून, इस्त्री करून जुन्या कपड्यांच्या बाजारात जाई आणि ज्याला हवा तो पैसे देऊन, निवडून घेई. त्या सबंध साखळीत नको ते नाकारण्याची मुभा प्रत्येकाला होती. आपण ज्याला दान म्हणतो त्यात नेमकी तीच मुभा घेणाऱ्याला नसते. कामवाल्या बाईंना नसते, इमारतीच्या रखवालदाराला नसते, आणि सुट्टीच्या दिवशी येऊरच्या पाड्यांवर गाडीच्या डिकीतून गाठोडी उतरवणाऱ्यांसमोर तिथल्या माणसांनाही नसते.

याचा सर्वांत वाईट अनुभव मला ऑगस्ट २०१९ मध्ये, कोल्हापूर-सांगलीला महापूर आला तेव्हा आला होता. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर मदतीचे कपडे गोळा करण्याचे ठरले, लोकांनी उदार मनाने आणून टाकले, आणि आम्ही चौघीजणी रात्री उशिरापर्यंत निवडायला बसलो. टिकल्यांची घागरा-चोळी, एका पायाचा मोजा, इलॅस्टिक गेलेल्या चड्ड्या, कोणाच्या तरी शाळेच्या स्नेहसंमेलनातला मावळ्याचा पोशाख आणि उंच टाचांचे सोनेरी सँडल. ज्यांच्या घरात छातीभर पाणी शिरले होते, त्यांच्याकडे हे जाणार होते. निम्म्याहून जास्त माल आम्ही बाजूला काढला, तर एका सद्गृहस्थांनी 'त्यांना काहीच नाही, तर हे तरी कशाला अडवता' असे सुनावले. आपत्तीच्या वेळी निवडक, धुतलेले आणि घालण्याजोगे कपडे फार मोलाचे असतात यात शंका नाही. 'गूंज' ही संस्था १९९९ मध्ये अंशू गुप्ता यांनी कापडाच्याच कामापासून सुरू केली आणि २०१५ मध्ये त्यांना रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला त्या कामातील सर्वांत पटलेली गोष्ट अशी, की तिथे गावकरी विहीर उपसणे, रस्ता किंवा बांध दुरुस्त करणे अशी गावाची कामे स्वतः ठरवून करतात आणि कपडे त्या श्रमांचा मोबदला म्हणून घेतात. मोबदला म्हणून जे द्यायचे ते निवडून, जोड्या लावूनच द्यावे लागते. तिथे एका पायाचा मोजा चालत नाही.

निवडायला बसायचे तर कापड ओळखता आले पाहिजे, आणि इथे आपल्या आयांना जेवढे कळत होते तेवढे आपल्याला कळत नाही असे माझे स्पष्ट मत झाले आहे. पूर्वी घरातला कपडा घरातच झिजून संपत असे. मऊ झालेल्या सुती लुगड्याची आधी बाळाची दुपटी आणि लंगोट होत, उरलेले गोधडीच्या थरांत जाई, गोधडी विरली की फडकी निघत, फडक्याचे मसोते आणि मसोत्याचे पोतेरे होई, आणि पोतेरे टाकेपर्यंत त्यात टाकण्यासारखे काही उरत नसे. हे सारे चालत होते कारण ते सूत होते, पाणी शोषत होते. आज कपाटातला अर्ध्याहून अधिक माल पॉलिस्टर किंवा मिश्र धाग्याचा आहे. त्याने ओटा पुसला तर पाणी पसरते, गोधडीत घातला तर उबेऐवजी घाम येतो, आणि मातीत पुरला तर वर्षानुवर्षे तसाच राहतो. सूत आणि पॉलिस्टर एकाच धाग्यात पिळले गेले, की ते पुन्हा वेगळे करणे अवघड असते, आणि ताणल्या जाणाऱ्या जीन्समधील इलास्टेनने तर ते काम आणखी अवघड केले आहे. लोकरी कपड्यांचे नशीब त्या मानाने बरे. हरियाणातील पानिपत येथे जुने स्वेटर-कोट रंगांनुसार वेगळे करून, बटणे व चेन काढून, फाडून त्यांचा पुन्हा धागा काढला जातो आणि त्यातून स्वस्त ब्लँकेट विणली जातात.

लेबल निघून गेलेल्या कपड्याचे कापड ओळखायची घरगुती रीत मला कारखान्यातल्या एका सहकाऱ्याने शिकवली होती. शिवणीच्या आतून एक धागा ओढून चिमट्यात धरावा आणि पाण्याच्या वाटीवर काडी लावून पाहावा. सूत कागदासारखे जळते आणि करड्या रंगाची मऊ राख उरते. रेशीम किंवा लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो. पॉलिस्टर असेल तर धागा वितळून टोकाला कडक मणी होतो. अशा रीतीने एका दुपारी मी पंधरा साड्या सुती ठरवल्या आणि कात्रीने त्यांची फडकी केली, त्यामुळे गेले वर्षभर आमच्या घरात पुसण्याचे कागदी रोल आलेले नाहीत. राखेच्या आणि मण्यांच्या नोंदीही वहीत आहेत. यजमान त्याला 'प्रयोगवही' म्हणतात.

जे ठेवले त्याविषयीही थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण ठेवणे म्हणजे कोंबणे नव्हे. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत चार महिने बंद असलेल्या कपाटात काय होते ते श्रावणात पैठणी काढणाऱ्या प्रत्येकीने पाहिलेले आहे. दुकानदार देतो त्या प्लास्टिकच्या पिशवीत रेशमी साडी ठेवली तर आत दमटपणा कोंडतो आणि बुरशीचे पांढरे ठिपके उमटतात. मलमलीच्या किंवा जुन्या धुतलेल्या सुती धोतराच्या तुकड्यात गुंडाळावी, डांबरगोळी जरीला टेकू देऊ नये, आणि दोन-तीन महिन्यांनी घडी बदलावी, नाहीतर घडीवरच रेशीम तुटते. एका पैठणीची घडी बदलायला दहा मिनिटे लागतात. ११८ साड्यांची बदलायला वेळ कोणाकडे आहे? मी अखेर ४६ ठेवल्या, आणि तो आकडा मी जागेवरून काढला नाही, एका दुपारी किती घड्या बदलून होतात त्यावरून काढला.

एका ट्रंकेचा मात्र मी हिशेब केला नाही. तिच्यात सासूबाईंची दोन लुगडी, त्यांच्या चष्म्याचे घर आणि मुलीचे पहिले टोपडे आहे. वहीत तिच्यासाठी 'ट्रंक – १ – उघडायची नाही' एवढीच नोंद आहे. बिल्डरच्या मुदतीत बसून दिवंगत माणसाच्या कपड्यांचा निकाल लावू नये, असे मला वाटते. ज्यांना ते जमते त्यांचे कौतुक आहे, मला जमले नाही.

कपड्यांखेरीज जे निघाले त्याने मला एवढा त्रास दिला नाही. मुदत संपलेली औषधे घरगुती घातक कचऱ्यात वेगळी दिली. जुने चार्जर आणि मोबाइल ई-कचरा घेणाऱ्यांकडे गेले. फुगलेल्या बॅटऱ्या सुक्या कचऱ्यात टाकू नयेत, त्या दाबल्या गेल्या तर पेट घेतात, एवढे वाचकांनी लक्षात ठेवले तरी पुरे. नाव घातलेली स्टीलची भांडी भंगारवाल्याने वजनावर घेतली, आणि 'चि. सौ. कां. हिच्या विवाहाप्रीत्यर्थ' अशी अक्षरे असलेला तांब्या त्याने तराजूत टाकला तेव्हा त्या लग्नातली पंगत मला आठवली.

आता मूळ विनंती. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक अशी विभागणी आपल्याला लावून दिली, आणि त्यात कपडा सुक्यात जाऊन पडला. तिथे तो गळक्या दुधाच्या पिशव्यांसोबत गाडीत दाबला जातो आणि जो सकाळी घालण्याजोगा होता तो दुपारपर्यंत चिंधी होतो. १५ मे ते ५ जून २०२३ या काळात केंद्र सरकारच्या 'मेरी लाइफ, मेरा स्वच्छ शहर' मोहिमेत शहरोशहरी जुने कपडे, पादत्राणे, पुस्तके, खेळणी स्वीकारणारी आरआरआर (रिड्यूस, रियूज, रिसायकल, म्हणजे कमी वापर, पुनर्वापर, पुनर्चक्रीकरण) केंद्रे उघडली गेली, ती कल्पना उत्तम होती. आपल्या शेजारी नवी मुंबई महापालिकेने बेलापूर येथे जुन्या कापडाच्या वर्गीकरणासाठी स्वतंत्र केंद्र उभारले आहे. ठाणे महापालिकेने मोहिमांपुरते न थांबता प्रत्येक प्रभागात महिन्यातला एक ठरलेला दिवस कापडासाठी राखावा, जागा कायमची ठेवावी, पावसाळ्यात वर छप्पर असावे, आणि मुख्य म्हणजे तिथे निवड करणारी, कापड जाणणारी आणि 'हे नको, परत न्या' असे तोंडावर सांगण्याचा अधिकार असलेली व्यक्ती बसवावी. नुसती पेटी ठेवली तर ती चार दिवसांत उकिरडा होते. या कामासाठी बोहारणींपेक्षा जाणकार माणसे महापालिकेला मिळणार नाहीत. त्यांना ओळखपत्र देऊन बसवले तर त्यांचा धंदाही टिकेल.

गृहनिर्माण संस्थांनाही एक विनंती आहे. आमच्या आजच्या संकुलाच्या फाटकावर फोनवरील ॲपमध्ये नोंद नसेल तर कोणालाही आत सोडत नाहीत, आणि बोहारणीची नोंद कोणत्या फ्लॅटच्या नावाने करायची हे रखवालदाराला कळत नाही. पिझ्झा आणणाऱ्याला जे दोन मिनिटांत मिळते ते तिला मिळत नाही. संस्थांनी महिन्यातून एक दुपार पार्किंगमध्ये तिला सतरंजी टाकून बसू द्यावे. मी हा विषय सेक्रेटरींकडे मांडला. भाडेकरूचे म्हणणे म्हणून तो ऐकून घेतला गेला.

शेवटी माझ्या मैत्रिणींसाठी दोन ओळी, ज्या हे वाचून मला फोन करणारच आहेत. जिथे माल बाहेर जाण्याची वाट अरुंद आहे तिथे आत येण्याची वाटही थोडी अरुंद करावी लागते, हे भांडार विभागात पहिल्या वर्षीच शिकवतात. गेल्या संक्रांतीला आम्ही सहाजणींनी वाण म्हणून प्लास्टिकचे डबे, साबणदाण्या आणि गाळणी न लुटता पाव किलो गूळ, वातींचे पुडके, भाकरीचे पीठ असे महिनाभरात संपून जाईल तेच लुटले. ओटी तांदूळ-नारळाने भरली आणि खण घातला नाही. एका वयस्कर बाईंना ते अपशकुनी वाटले आणि त्यांनी तसे बोलूनही दाखवले. त्यांचा मान राखून सांगते, की पुढच्या खेपेस त्यांच्या ओटीत मी खण घालीन, पण तो सुती असेल आणि कोणत्या रंगाचा हवा ते आधी विचारून घेईन.

माझ्या वहीचा अखेरचा हिशेब असा आहे. ११८ साड्यांपैकी ४६ ठेवल्या, १९ नाव घेऊन, विचारून, होकार आल्यावर नात्यात दिल्या, १५ ची फडकी झाली आणि ३८ बोहारणीने घेतल्या. तिच्यासाठी मी दोनदा रिक्षाने नौपाड्यात, आमच्या जुन्या गल्लीच्या तोंडाशी गेले, कारण तिथे ती अजून अधूनमधून दुपारी बसते. ६४ ब्लाऊजपीसांपैकी तेरा सुती निघाले, ते शिंप्याने अस्तरासाठी ठेवून घेतले; चाळीस तिने नेले; अकरा अजून शिल्लक आहेत आणि जांभळा त्यातच आहे. यजमानांचा १९८८ सालचा करडा सफारी सूटही मी नेला होता, ज्याविषयी ते आजवर 'याला अजून काही झालेले नाही' असे म्हणत आले. तिने तो उजेडाला धरला, खांद्याची शिवण पाहिली, खिशाचे झाकण उचलले, मान हलवली आणि माझ्या बाजूला सरकवला. वहीत नोंद केली आहे : 'सफारी – १ – परत.' तो आज कोलशेतला अकराव्या मजल्यावर दाराच्या मागे टांगलेला आहे.

ठाणे आणि नवी मुंबईत जुने कपडे कोणत्या ठिकाणी, कोणत्या वारी आणि कोणत्या स्थितीतले स्वीकारले जातात, याची दोन्ही महापालिकांकडून खात्री करून घेतलेली यादी आपण दिवाळीपूर्वी छापावी, अशी विनंती आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त भांडार लेखनिक
(नौपाडा, सध्या कोलशेत, ठाणे पश्चिम)